साक्ष कोणाची? मराठी गुन्हेपटातील स्त्रीप्रतिमेचा इतिहास

१

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या स्थानामुळे पंचक्रोशीबाहेरही माहीत आहे. येथून माजलगाव, पाथरी असा पूर्वेकडचा रस्ता धरला की परभणी जिल्ह्यातील मानवत लागते. १९७२च्या नोव्हेंबरपासून १९७४च्या जानेवारीपर्यंत मानवत व परिसरात एकामागून एक खून होत गेले. बळी प्रामुख्याने स्त्रिया आणि लहान मुली होत्या. मराठवाडा तेव्हा दुष्काळाने होरपळत होता. गुप्तधनाची लालसा, अपत्याची आस आणि पिंपळावरचा मुंजा यांभोवती या हत्यांची कथा गुंफली गेली. त्या कथेच्या मध्यभागीही एक स्त्रीच होती.

एकीकडे देवीचे ठाणे आणि दुसरीकडे अघोरी स्त्रीची कथा, अशी जोडी समोर आली की तिच्यातून एक सोपा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. आपला समाज स्त्रीचे सामर्थ्य एकतर दैवी मानतो किंवा चेटकी, तिसरे स्थान तिला देत नाही, असा तो सिद्धान्त होय. त्यात तथ्य आहे. परंतु चित्रपटाच्या अभ्यासाला तो पुरत नाही. तो प्रतिमांची वर्गवारी करतो, कथनाची मीमांसा करीत नाही. सोज्वळ नायिका, खलनायिका, बळी, सूडकरी अशी यादी कितीही वाढविली तरी मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. गुन्ह्याची हकीकत कोण सांगते, आणि स्त्रीने ती सांगितली तर तिच्या शब्दाला पुराव्याचा दर्जा मिळतो काय, हा तो प्रश्न.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांची चर्चा करताना एक मूलभूत भेद केला होता. रहस्यकथेत दोन कथा असतात: एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली आणि अनुपस्थित असते; दुसरी आपल्यासमोर घडते आणि पहिलीचा अर्थ लावते. हा भेद लिंगभावाच्या अंगाने वाचला तर असे दिसते की रूढ गुन्हेपटात स्त्रीचे स्थान पहिल्या कथेत असते आणि पुरुषाचे दुसऱ्या. ती घडते, तो उलगडतो. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये ज्या पुरुषी नजरेचे विश्लेषण केले तिला गुन्हेपटात आणखी एक अधिकार मिळतो. ती केवळ पाहत नाही, तर निवाडाही करते. प्रस्तुत लेखात मराठी गुन्हेपटाच्या सुमारे पंचाऐंशी वर्षांच्या वाटचालीतील काही निवडक कृती या एका सूत्राने वाचावयाच्या आहेत.

२

आरंभ प्रभातच्या ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटापासून करावा लागतो. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट रहस्यपट नव्हे. परंतु त्याची रचना पोलीस आणि गुन्हा यांवर उभी आहे. शाहू मोडक यांनी साकारलेला गणपत हा पोलीस शिपाई आणि शांता हुबळीकर यांची मैना ही वेश्या. गणपत तिला त्या जगातून बाहेर काढू पाहतो. मैनाच्या हातून तिच्या दुष्ट मामाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. तिला सोडविण्याची तयारी गणपत दाखवितो, तेव्हा ती नकार देते.

हा नकार अनेकदा त्याग म्हणून वाचला गेला आहे. पतित स्त्रीने सज्जन पुरुषाच्या वाटेतून दूर व्हावे, हा तत्कालीन संकेत येथे आहेच. तथापि कथनाच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचा दुसरा अर्थ समोर येतो. मैना आपल्या कृत्याची कर्ती आहे. तिचा गुन्हा कोणी शोधून काढीत नाही आणि तिच्या वतीने कोणी तो नाकारूही शकत नाही. कायद्याचा प्रतिनिधी असलेला पुरुष कायदा मोडावयास तयार होतो, आणि कायद्याने दोषी ठरविलेली स्त्री तो पाळते. ‘माणूस’ हा शब्द मराठीत व्याकरणाने पुल्लिंगी. पण चित्रपटाच्या शेवटी त्या शब्दाचा भार मैनेच्या बाजूला अधिक झुकतो.

पंचवीस वर्षांनी आलेल्या ‘पाठलाग’ (१९६४) मध्ये तंत्र अधिक सफाईदार होते, पण स्त्रीचे हे कर्तेपण आक्रसते. राजा परांजपे दिग्दर्शित हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला आहे. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर एक आरोपी स्त्री येते. तिचा चेहरा हुबेहूब मृत पत्नीचा, आणि आपणच ती पत्नी असल्याचा तिचा दावा. पुढे याच कथेवर राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला.

तीन शीर्षके एकापुढे एक ठेवून पाहावीत. कादंबरीच्या शीर्षकात स्त्रीचे नाव आहे आणि क्रियापद तिचे आहे: आशा परत येते. मराठी चित्रपटाच्या शीर्षकात नाव गळते आणि एक क्रिया उरते. कोण कोणाच्या मागे आहे हे शीर्षक सांगत नाही. हिंदी शीर्षकात पुरुषाचे सर्वनाम येते आणि स्त्री त्याची छाया होते. दोनच वर्षांच्या अंतरात एकाच कथाबीजाचा कर्ता शीर्षकापुरता तरी बदललेला दिसतो.

‘पाठलाग’मधील खरा पेच न्यायालयात आहे. गृहिणी आणि गुन्हेगार यांना एकच चेहरा देऊन चित्रपट मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या मनातील एक खोल भीती चाळवितो. जिला आपण पत्नी म्हणून ओळखतो तिला आपण खरोखर ओळखतो काय? या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची पद्धत मात्र अर्थपूर्ण आहे. आरोपीने स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करावयाचे म्हणजे आपले पत्नीत्व सिद्ध करावयाचे. तिच्या साक्षीचा विषय गुन्हा नसून संसार आहे, आणि तिच्या खरेपणाचा अंतिम निकष पतीची खात्री हाच आहे. ती बोलते, पुष्कळ बोलते; परंतु तिच्या बोलण्याला किंमत येते ती पतीने दुजोरा दिल्यावर.

३

न्यायालयाच्या याच रचनेची उलटतपासणी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या कृतीने केली. विजय तेंडुलकरांचे नाटक १९६७चे. सत्यदेव दुबे यांनी त्यावर केलेला चित्रपट १९७१चा. त्यात लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. रूढ अर्थाने हा गुन्हेपट नाही. खेळ म्हणून अभिरूप खटला उभा राहतो, भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो, आणि खेळाचा बुरखा पांघरून बेणारेचे खासगी आयुष्य साक्षीपुराव्यात ओढले जाते. तिच्या गरोदरपणाशी संबंधित असलेला पुरुष शेवटपर्यंत रंगमंचावर येतच नाही.

येथे तोदोरोव्हचा क्रम उलटा झालेला आहे. आधी गुन्हा आणि मग तपास असे न होता, आधी तपास सुरू होतो आणि त्यातून गुन्हा घडविला जातो. स्त्रीचा दोष ही शोधून काढलेली वस्तू नसून ती चौकशीचीच निर्मिती होय, हे या कृतीचे मर्म आहे. बेणारेला बोलावयास वेळ मिळतो तो भोवतालची पात्रे निश्चल झाल्यावर. म्हणजे ती जे बोलते ते प्रेक्षक ऐकतो, न्यायालय ऐकत नाही.

हे केवळ नाट्यतंत्र नव्हते, हे दाखविणारी घटना लवकरच घडली. १९७२ मध्ये, म्हणजे मानवतचे हत्यासत्र ज्या वर्षी सुरू झाले त्याच वर्षी, विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ते प्रकरण ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. तिच्या संमतीचा निष्कर्ष तिच्या शरीरावरील खुणांच्या अभावातून काढला गेला. तिचा शब्द अपुरा ठरला. १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आले. पोलीस कोठडीतील व तत्सम बलात्काराच्या खटल्यांत आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. स्त्रीच्या शब्दाला पुराव्याचे मोल किती, या प्रश्नाला कायद्यानेच नवे उत्तर दिले. मराठी गुन्हेपटाने ते उत्तर कितपत आत्मसात केले, हे आता पाहावयाचे आहे.

४

अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘आक्रीत’ (१९८१) मानवतच्या हत्यांवर आधारलेला असून पटकथा तेंडुलकरांची आहे. मुकुटराव (अमोल पालेकर) आणि त्याच्याबरोबर राहणारी पारधी स्त्री रुही (चित्रा पालेकर) या दोघांच्या संबंधावर चित्रपटाचा भर आहे. गुन्हेगार कोण, या कुतूहलावर तो विसंबत नाही. तपासाची कथा मागे सरते आणि गुन्ह्याची कथा पुढे येते.

या निवडीचे मोल मोठे आहे. रुहीला चित्रपट चेटकीण ठरवून मोकळा होत नाही. तिच्या अपत्याच्या ध्यासामागे स्थानाची असुरक्षितता आहे. ज्या स्त्रीला लग्नाचा आधार नाही, जातीचे बळ नाही आणि वय उतरणीला लागले आहे, तिला मूल हे एकच प्रमाणपत्र उरते. त्या अर्थाने ‘पाठलाग’मधील पत्नीत्वाचा पुरावा आणि ‘आक्रीत’मधील मातृत्वाचा अट्टहास ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होत.

तथापि एक गोष्ट नोंदवावयास हवी. रुहीचे पारधी असणे हा केवळ तपशील नाही. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले त्यांत पारध्यांची गणना झाली, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी गावाच्या आणि पोलिसांच्या मनातील नोंद पुसली गेली नाही. अशा समाजातील स्त्रीला अघोरी हत्येच्या केंद्रस्थानी पाहताना प्रेक्षकाचा पूर्वग्रह आपोआप कामाला लागतो. चित्रपट त्या पूर्वग्रहाला खतपाणी घालत नाही. पण त्याची स्वतंत्र चौकशीही करीत नाही.

प्रत्यक्ष खटल्याच्या इतिहासातही साक्षीचा प्रश्न मध्यवर्ती होता. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा निकाल कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे तो मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या संदर्भात. गुन्ह्यात सामील असलेल्याच्या जबानीवर कितपत विसंबावे आणि तिला कोणत्या प्रकारची पुष्टी हवी, याविषयी तो निकाल आजही उद्धृत होतो. मानवतची कथा आपणापर्यंत पोहोचली ती सहआरोपींच्या, पोलिसांच्या आणि वार्ताहरांच्या तोंडून. ज्यांच्या मुली गेल्या त्या आयांची जबानी या कथेत नाही. ‘आक्रीत’मध्ये ती येत नाही, याचे कारण दिग्दर्शकाची उदासीनता नव्हे. उपलब्ध संहितेतच ती जागा रिकामी होती.

५

नव्वदीच्या अखेरीस स्त्री दुसऱ्या कथेत, म्हणजे तपासाच्या कथेत, प्रवेश करते. चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘बिनधास्त’ (१९९९) हा या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा. शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ यांनी साकारलेल्या दोन महाविद्यालयीन मैत्रिणी खुनाच्या संशयात सापडतात. संशयित स्त्रिया, मैत्रिणी स्त्रिया, आणि पाठलाग करणारी पोलीस अधिकारीही स्त्रीच. पुरुषाला पडद्यावरून जवळपास हद्दपार करून हा चित्रपट रहस्यपटाचे सारे संकेत जसेच्या तसे चालवून दाखवितो. लोकप्रिय करमणुकीच्या चौकटीत एक गृहीतक त्यामुळे मोडले: तर्क आणि धाडस हे गुण कथेच्या यंत्रणेत पुरुषासाठी राखीव नाहीत. एका वर्षात प्रियदर्शन यांनी त्याची तमिळ आवृत्ती केली, यावरून या रचनेची ताकद ध्यानात येते.

परंतु भूमिका बदलली म्हणजे दृष्टी बदलतेच असे नाही. निखिल महाजन यांच्या ‘पुणे ५२’ (२०१३) मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेला खासगी गुप्तहेर अमर आपटे, त्याची पत्नी (सोनाली कुलकर्णी) आणि त्याच्याकडे काम घेऊन येणारी स्त्री (सई ताम्हणकर) असा त्रिकोण आहे. पाश्चात्त्य ‘नॉयर’ परंपरेतील मोहात पाडणारी स्त्री येथे पुण्याच्या मध्यमवर्गीय वस्तीत अवतरते. आर्थिक उदारीकरणाच्या पहाटेचा काळ निवडल्यामुळे तिला एक सामाजिक अर्थही मिळतो. पत्नी म्हणजे ओढाताणीचा संसार आणि अशील म्हणजे नव्या पैशाचे आमिष. म्हणजेच दोन्ही स्त्रिया पुरुषाच्या नैतिक पेचाची चिन्हे आहेत. स्वतःच्या गोष्टीच्या त्या निवेदक नाहीत.

यानंतर एकाच वर्षाने पूर्ण झालेला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा प्रश्न वेगळ्या पातळीवर नेतो. लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) ही स्त्री आहे. न्यायालयात ती राज्यसंस्थेचा आवाज आहे. न्यायालय सुटल्यावर ती लोकल गाडीने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते. दुसऱ्या कथेत स्त्रीचा प्रवेश झाला म्हणजे न्यायाची बाजू बळकट झाली, हा आशावाद चित्रपट शांतपणे दूर करतो. नूतन कष्टाळू आहे, दुष्ट नाही. आणि तरीही ज्या कलमांचा ती पाठ म्हणते ती माणसाला चिरडणारी आहेत. स्त्री व्यवस्थेत आली. व्यवस्था तीच राहिली.

याच चित्रपटात मृत कामगाराची पत्नी साक्षीस उभी राहते. ही भूमिका उषा बने यांनी केली आहे. नवरा गटारात कसा उतरत असे, आत झुरळे दिसतात का हे कसे पाहत असे, त्याला कोणतीही साधने कशी नव्हती, हे ती सांगते. नवऱ्याचे वय तिला नेमके सांगता येत नाही. तिच्या आवाजात आवेश नाही, आरोप नाही. पण खटल्याचा सारा डोलारा ज्या आत्महत्येच्या गृहीतावर उभा असतो ते गृहीत तिच्या चारदोन वाक्यांनी डळमळते. मैनेने गुन्हा स्वीकारला, ‘पाठलाग’च्या नायिकेने पत्नीत्व सिद्ध केले, बेणारे कोणी ऐकत नसताना बोलली. या परंपरेत एका कष्टकरी विधवेची साक्ष खटल्याचा अर्थच बदलते, ही घटना लहान नाही. मराठी गुन्हेपटातील खरा बदल शोधावयाचा तर तो पोलिसी गणवेशातील नायिकेपेक्षा या साक्षीत शोधावा लागेल.

६

या टप्प्यावर दक्षिण कोरियाच्या चित्रपटांशी तुलना उद्बोधक ठरेल. कारण तेथेही ग्रामीण भागातील स्त्रियांच्या हत्यासत्राने चित्रपटसृष्टीला एक महत्त्वाची कृती दिली. बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) हा १९८६ ते १९९१ या काळात ह्वासोंग येथे घडलेल्या हत्यांवर आधारलेला आहे. त्यातील पुरुष तपासनीस मारहाण, अंदाज आणि मांत्रिक यांच्या आधारे चाचपडतात. हत्येच्या रात्री आकाशवाणीवर एक ठरावीक गाणे लागते, हा दुवा ध्यानात येतो तो ठाण्यात चहापाण्याची कामे करावी लागणाऱ्या स्त्री पोलिसाच्या. तपासाच्या कथेत तिला फारशी जागा नाही, आणि तरीही नेमके ऐकते तीच. दोनच वर्षांनी पार्क चान-वूक यांच्या ‘लेडी व्हेंजन्स’ (२००५) मध्ये, दुसऱ्याच्या गुन्ह्याची कबुली देऊन तेरा वर्षे तुरुंगात काढलेली स्त्री स्वतःच पुरावा गोळा करते आणि बळी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांसमोर ठेवते. निवाडा त्यांच्यावर सोपविला जातो. तेथे तपासाची कथा स्त्रीच्या हाती येते आणि बळींच्या कुटुंबांना प्रथमच आवाज मिळतो. तो सूडाचा आवाज आहे, आणि चित्रपट त्याची भलामण करीत नाही. पण मानवतच्या कथेत जी जागा रिकामी राहिली तीच येथे भरलेली आहे.

‘आक्रीत’नंतर त्रेचाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी वेब मालिका आली. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा तिला आधार असून ती भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. ‘पुणे ५२’मध्ये पत्नी आणि अशील झालेल्या सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर याच दोन अभिनेत्री येथे अनुक्रमे रुक्मिणी आणि समिंद्री झाल्या आहेत. शहरी मध्यमवर्गीय चेहऱ्यांवरून त्या मराठवाड्याच्या मातीत येतात, आणि त्यांच्या अभिनयाने या स्त्रियांना हेवा, भीती, लालसा, थकवा अशी माणसाची गुंतागुंत लाभते. ‘आक्रीत’मध्ये एक रुही होती, येथे स्त्रियांचे परस्परसंबंधही कथेचा भाग होतात.

तरीही रचनेचा विचार केला तर मालिका ‘आक्रीत’पेक्षा एक पाऊल मागे गेली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आधारग्रंथ तपास अधिकाऱ्याचा असल्यामुळे तपासाची कथा पुन्हा अग्रस्थानी येते. मुंबईहून आलेला विवेकी पुरुष आणि अंधश्रद्धेच्या काळोखात बुडालेले मराठवाड्यातील गाव, अशी मांडणी टाळणे मग कठीण होते. स्त्रिया अधिक बोलतात, पण पुष्कळदा चौकशीच्या खोलीत. १९७२ नंतरच्या महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्धचा विवेक बाहेरून आलेला नाही. तो येथल्याच गावोगावच्या कार्यकर्त्यांनी उभा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा झाला. या इतिहासाला ओलांडून मानवतची कथा सांगता येते. पण मग ती अधिकाऱ्याची कथा होते, त्या प्रदेशाची होत नाही.

७

गुन्हेपट या प्रकाराची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती या प्रदेशातून पाहताना अधिक जाणवते. या प्रकाराला प्रेत लागते आणि त्या प्रेतामागे एक गुन्हेगार लागतो. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८०७ होती; राज्यातील हे सर्वांत कमी प्रमाण होते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून अस्तित्वात होता. २०१९ मध्ये याच जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. मानवतच्या हत्यांनी महाराष्ट्र हादरला, कारण तेथे अघोरी कृत्य होते आणि दाखविता येण्याजोगी एक अघोरी स्त्री होती. न जन्मलेल्या मुली आणि कोयता चालविण्यासाठी गर्भाशय गमावलेल्या बाया यांच्याबाबतीत असा चेहरा नाही. तेथे सासर आहे, मुकादमाची उचल आहे, दवाखाना आहे, बाजार आहे. गुन्हा सर्वत्र पसरलेला असल्यामुळे तो गुन्ह्यासारखा दिसत नाही.

म्हणून स्त्रीप्रतिमा किती बदलली याचा हिशेब नायिका किती धीट झाली यावर मांडणे अपुरे आहे. १९३९ची मैना १९६४च्या नायिकेपेक्षा अधिक स्वायत्त होती. २०२४ची मालिका १९८१च्या चित्रपटापेक्षा रचनेने अधिक रूढ आहे. हा इतिहास सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. त्यात टिकाऊ बदल झाला तो जेथे जेथे कथनाने स्त्रीच्या साक्षीवर भार टाकण्याचे धाडस केले तेथे. ‘कोर्ट’मधील विधवेची साक्ष हे त्याचे आतापर्यंतचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

गेवराई तालुक्यातून दरवर्षी हंगामाला फडावर जाणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवात अशा साक्षी पुष्कळ आहेत. त्या ऐकणारा चित्रपट काढावयाचा तर गुन्हेपटाला आपल्या रूढ चौकटीपैकी बरेच काही सोडावे लागेल: एकच खलपुरुष, एकच तपासनीस आणि शेवटी होणारा उलगडा. ते सोडल्यावर जे उरेल त्याला गुन्हेपट म्हणावे की नाही, हा वर्गीकरणाचा प्रश्न आहे. बाईच्या सांगण्यावर विश्वास ठेवून सबंध कथा उभी करता येते काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र मराठी चित्रपटाने अद्याप पूर्णपणे दिलेले नाही.